पत आणि मत

मराठी भाषेंत ‘पत’ हा एक लहानसा शब्द आहे. त्याचे अर्थ दोन : एक अब्रू आणि दुसरा उधार मिळण्याची योग्यता. कोशांत हे अर्थ निराळे मांडलेले असले, तरी लहान गांवांत ते पुष्कळ काळ एकच होते. ज्याच्या शब्दाला मान, त्यालाच दुकानांत माल उधार मिळे. आणि ज्यानें घेतलेलें फेडलें नाहीं, त्याच्या बोलण्याला चावडीवरही कोणी किंमत देत नसे.

तालुक्याच्या एखाद्या गांवचा जुना आठवड्याचा बाजार डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं बैलगाड्या सुटत, कुंभाराचीं मडकीं मांडलीं जात, मिरच्यांच्या ढिगाशेजारीं बांगड्यांचें दुकान लागे. पेठेंतील कापडवाल्याकडे लाल बांधणीची वही असे. सुगी आटोपली म्हणजे शेतकरी येऊन खातें चुकतें करी, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या वहीची पूजा होई. दुकानदाराला गिऱ्हाइकाचें घर ठाऊक असे : विहिरीला पाणी किती, लग्नाच्या मुली किती, घरांत दुखणें कोणाचें. म्हणून एखादा गडी हौसेच्या भरांत भारी लुगडें मागूं लागला, तर “औंदा पीक बेताचें आहे, हें राहूं द्या,” असें म्हणून तो त्याच्यापुढें हलकें लुगडें टाकी. त्यांत दुकानदाराचा स्वार्थ होताच. बुडीत खातें त्यालाही नको असे. पण त्या स्वार्थाला शेजारधर्माची मर्यादा होती.

हें चित्र येथेंच पुरें केलें, तर तें खोटें ठरेल. वही सावकाराच्या घरीं असे, आणि ती वाचतां येणारा बहुधा तोच एक असे. तिच्यांतील आंकडा वाढतां वाढतां शेत खाऊन टाकी. १८७५ सालीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारपेठेच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. तो वणवा पुणें आणि नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरला, आणि १८७९ सालीं सरकारला दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा करावा लागला. महाड हेंही एक व्यापारी लहान शहर. तेथील चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव नगरपालिकेनें केलेला असतांही अस्पृश्य मानलेल्या नागरिकांना तेथें पाणी घेतां येत नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हजारो अनुयायांसह तेथें जाऊन तें पाणी प्यावें लागलें. पुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत त्यांनीं खेड्याच्या गौरवगीतांवर कडक टीका केली, ती या अनुभवाच्या बळावर. शेजाऱ्याला पाणी नाकारणारी रूढि जुनी असेल. तिला मूल्य म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां जुनें सर्व राखावें काय, हा प्रश्नच नव्हे. जुन्यांतील कोणती गोष्ट सोडून देतांना आपलें नुकसान झालें, हा खरा प्रश्न आहे.

एका काळीं हें नुकसान भरून निघण्याची चिन्हें दिसत होतीं. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. नगर जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ अध्यक्षपदीं बसले, आणि १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला. ज्या कुळाला एकट्याला पत नव्हती, त्याला दहाजणांबरोबर ती मिळाली. सावकाराच्या वहीला दिलेलें तें जाळण्यापेक्षां अधिक शहाणपणाचें उत्तर होतें.

१९९१ नंतर बाजाराचें रूप पालटलें. आतां दुकान गांवांत येतें, एवढेंच नव्हे, तर तें खिशांतल्या फोनमधून घरांत शिरतें. हप्ता ठरविणारा मनुष्य गिऱ्हाइकाची विहीर पाहत नाहीं. तो कागद पाहतो. “हें राहूं द्या,” असें सांगणारा आवाज पेठेंतून नाहींसा झाला आहे. मोटारसायकल ही पुष्कळांची गरज आहे, फोनही आहे; त्यांस नांवें ठेवणें हा शहरवासीयांचा दांभिकपणा होईल. पण शेजारच्या लग्नांत चारशें पानें उठलीं म्हणून आपल्या लग्नांत आठशें उठवावीं, आणि त्यासाठीं शेत गहाण टाकावें, ही गरज नव्हे. तेथें पतीचा पहिला अर्थ दुसऱ्यानें गिळला.

हाच व्यवहार पुढें मतापर्यंत गेला. १९९३ सालीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलांत आली. २०११ पासून महाराष्ट्रांत ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. चावडीपासून ज्यांना दूर बसविलें जाई, तीं माणसें खुर्चीवर बसलीं, हा लाभ मोठा आहे. पण ज्या वर्षांत अधिकार आला, त्याच वर्षांत बाजारही आला. २०२१ च्या जानेवारींत नाशिक जिल्ह्यांतील उमराणें आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या गांवीं पंचायतीच्या पदांचा लिलाव झाल्याचें उघडकीस आलें, आणि राज्य निवडणूक आयोगानें दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. बोलीचा पैसा देवळाच्या कामीं लावावयाचा होता. देवाचें काम, गांवची एकी, तंटा नको, असे सारे जुने शब्द तेथें हजर होते. फक्त मत देण्याचा गरिबाचा हक्क तेवढा हजर नव्हता. परंपरा आणि बाजार एकमेकांचे वैरी असतात, असें मानणाऱ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये. तीं दोघें सहज एका गादीवर बसतात.

यावर उपाय नवा नाहीं. १८७३ सालीं स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजानें कमी खर्चाच्या विवाहाचा पुरस्कार केला. गाडगेबाबा १९५६ पर्यंत हातांत खराटा घेऊन गांवोगांव हिंडले. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत विचारीत, कर्ज काढून सण कशाला, त्यापेक्षां पोराला शाळेंत कां घालीत नाहीं? त्यांच्या अंगावर चिंध्या होत्या, पण लोकांनीं त्यांच्या शब्दावर धर्मशाळा बांधल्या. पत म्हणतात ती हीच.

शहरांतील श्रोत्यांनीं हें गांवाकडचें गाऱ्हाणें म्हणून ऐकूं नये. लग्नाची जी तऱ्हा आज शहरांतील कार्यालयांत निघते, ती उद्यां तालुक्याच्या मांडवांत पोंचते. सुटींत गांवीं जाणाऱ्या पाहुण्यानें काय मिरविलें, हें तेथील मुलें बारकाईनें पाहतात. म्हणून पुढच्या खेपेस गांवीं जातांना नवी वस्तु दाखविण्याऐवजीं ग्रामसभेचा दिवस साधून जावें, मागें बसून पंचायतीचा जमाखर्च कसा वाचला जातो तें ऐकावें, आणि एखादी बाई त्यांतील आंकडा विचारण्यास उभी राहिली, तर तिला खालीं बसविणाऱ्यांत आपण असूं नये.