माणूस आला, पण टिकला का?

कोल्हापूरजवळच्या आमच्या छोट्या फाउंड्रीत एका एजन्सीने पाठवलेला सुपरवायझर चौथ्या महिन्यातच नोकरी सोडून गेला. एजन्सीचे बिल आम्ही कधीच चुकते केले होते: वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. बदली माणूस देण्याची ९० दिवसांची मुदतही उलटली होती. मी फोनवर खूप भांडलो.

राग शांत झाल्यावर करार पुन्हा वाचला. एजन्सीला पैसे मिळतात ते माणूस रुजू झाल्यावर, टिकल्यावर नव्हे. मग ती घाई करणारच!

आता आम्ही निम्मी रक्कम रुजू होताना देतो, निम्मी सहा महिन्यांनी. आणि रात्रपाळी, भट्टीजवळचा उकाडा हे सारे एजन्सीला आधीच सांगतो. पूर्वी ते आम्हीच लपवत होतो.