नदीचे सतरा पंच



वसंत ऋतूतल्या व्याख्यानात नदीचे नाव निघाले की घाट, ओवऱ्या आणि पाण्यावर सोडलेले दिवे यांचे वर्णन ऐकावयास मिळेल अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आमचा आजचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. नदीत काय सोडावे आणि काय सोडू नये हे ज्यांच्या संमतीने ठरते, त्या मंडळावरील माणसांविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. येथे येण्यापूर्वी आम्ही ओळखीच्या दहा-बारा सुशिक्षित गृहस्थांना विचारले, की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या एका तरी सभासदाचे नाव आपणांस सांगता येईल काय? आमदार, नगरसेवक, पतपेढीचे संचालक, सारे त्यांना तोंडपाठ होते. या प्रश्नाला मात्र एकालाही उत्तर देता आले नाही. आणि खरे सांगावयाचे तर दुसऱ्या कोणी विचारले असते तर आम्हीही गप्पच बसलो असतो.

हे मंडळ काही काल-परवाचे नव्हे. जलप्रदूषणाला आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९६९ सालीच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. स्टॉकहोमची पर्यावरण परिषद भरली ती १९७२ च्या जूनमध्ये, आणि संसदेचा जलकायदा झाला १९७४ मध्ये. दोहोंच्याही आधी आपण जागे होतो याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पुढे १९८१ मध्ये राज्याने संसदेचा कायदा स्वीकारला, आणि मंडळाची घडण त्यातील चौथ्या कलमानुसार होऊ लागली. हे कलम सावकाश वाचण्यासारखे आहे.

त्याप्रमाणे मंडळावर जास्तीत जास्त सतरा माणसे बसू शकतात. एक अध्यक्ष, सरकारचे प्रतिनिधी म्हणून पाचपर्यंत अधिकारी, नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्थांच्या सभासदांतून पाचपर्यंत, शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार किंवा इतर हितसंबंध यांच्या वतीने तीनपर्यंत, सरकारी कंपन्या व महामंडळे यांचे दोन, आणि पूर्णवेळ काम करणारा एक सदस्य-सचिव. सर्वांची नेमणूक राज्य सरकार करते. सचिव सोडून बाकीच्यांची मुदत तीन वर्षांची.

आता बेरीज करून पाहा. अधिकारी, महामंडळवाले आणि सचिव मिळून आठ माणसे सरकारच्याच घरची झाली. शेतकरी, कोळी, कारखानदार आणि व्यापारी या चौघांत मिळून खुर्च्या तीन. उभा कोण राहणार हे सांगावयास ज्योतिषी नको!

अपात्रतेचे सहावे कलम तर याहून गमतीचे आहे. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे बनविणाऱ्या किंवा विकणाऱ्या धंद्यात ज्याची भागी असेल, त्याला सभासद होता येत नाही. हे योग्यच झाले, कारण तो आपलीच यंत्रे लोकांच्या गळ्यात बांधावयाचा. परंतु ज्याच्या कारखान्यातून सांडपाणी बाहेर पडते त्याला अशी बंदी नाही. उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून तो सन्मानाने आत येऊ शकतो. औषध विकणाऱ्याला दार बंद आणि रोग पसरविणाऱ्याला पाट, असा हा प्रकार आहे.

पण आज आम्हांला जास्त बोलावयाचे आहे ते स्थानिक संस्थांच्या पाच खुर्च्यांविषयी, कारण त्या तुमच्या-आमच्या आहेत. नदी म्हटली की आपण कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवितो. केंद्रीय मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब असा, की देशातील शहरांतून दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघते आणि प्रत्यक्षात शुद्ध होते ते २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेले कोठे जाते हे पुलावर नाकाला रुमाल लावून उभा राहणारा प्रत्येक जण जाणतो. २०२२ मध्ये त्याच मंडळाने देशातील नद्यांचे ३११ दूषित पट्टे मोजले. त्यांत सर्वांत अधिक, ५५, महाराष्ट्रातले निघाले. हे मैलापाणी आपल्या स्वयंपाकघरांतले आणि न्हाणीघरांतले आहे, आणि ते वाहून नेणाऱ्या संस्थेचा सभासद या मंडळावर पंच म्हणून बसतो. आरोपीचा भाऊच न्यायासनावर बसावा असे कोणास वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. गटार कोठे फुटते आणि शुद्धीकरणाचा पैसा कोठे अडतो हे त्याच्याइतके दुसऱ्याला ठाऊक असणार नाही. त्याने मात्र तेथे बोलले पाहिजे, आणि परत आल्यावर काय बोललो ते आपणांस सांगितले पाहिजे. आपल्या वॉर्डाच्या सभेत असे कोणी सांगितल्याचे आपणांपैकी किती जणांनी ऐकले आहे?

या खुर्चीला आणखी एक अट आहे. स्थानिक संस्थेचे सभासदत्व संपले की मंडळावरची जागाही संपते. मुंबई आणि पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. ज्या शहरांतून सर्वांत अधिक मैलापाणी निघते, तेथे त्या काळात निवडून आलेला सभासदच नव्हता. मग या जागेसाठी तेथून पाठवावयाचा कोणाला?

अध्यक्षपदाची कथा थोडक्यात सांगतो. अध्यक्षाला पर्यावरण रक्षणाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असावा, अथवा असे काम करणाऱ्या संस्था चालविण्याचा अनुभव असावा, असे कायदा म्हणतो. निरनिराळ्या राज्यांतील नेमणुका या कसोटीला उतरतात काय, हा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. त्याच्या २०१६ च्या निकालावर अपील झाले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, परंतु नेमणुकीचे नियम सहा महिन्यांत करा असे राज्यांना बजाविले. कायदा होऊन तोवर त्रेचाळीस वर्षे लोटली होती. २०२४ च्या दुरुस्तीने ही रीत ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे नेला; ती दुरुस्ती ज्या राज्यांनी स्वीकारली तेथे ती लागू आहे.

कोणी म्हणेल, अशा मंडळाच्या हाती आहे काय? पुष्कळ आहे. १९८८ च्या दुरुस्तीपासून ते कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा हुकूम काढू शकते. राज्य सरकारने लेखी आदेश दिला तर तो मानणे मंडळाला भाग आहे, हा त्याचा लगामही लक्षात ठेवावा. आणि बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा भरलीच पाहिजे. समाधानकारक कारण न देता लागोपाठ तीन बैठकांना जो येत नाही, त्याची जागा आपोआप रिकामी होते. नेमलेल्यांपैकी कोण आला आणि कोण आला नाही, ही साधी हजेरी माहितीच्या अधिकारात मागता येते. ती आम्ही मागावयाची ठरविली आहे, आणि आपल्या गावातून आणखी दहा अर्ज गेले तर आमचा एकट्याचा कागद फायलीत दबणार नाही.

शेवटी दहाव्या कलमाविषयी. ज्याच्या साहाय्याची किंवा सल्ल्याची गरज वाटेल अशा कोणाही माणसाला मंडळ एखाद्या कामापुरते आपल्यात बसवून घेऊ शकते. धरणाखालच्या ज्या कोळ्याला जाळ्यात मासा येईनासा झाला आहे, किंवा ज्या शेतकरीणबाईच्या विहिरीचे पाणी गुरे तोंडाला लावीत नाहीत, तिला तेथे बोलाविता येते. मत देण्याचा अधिकार त्यांना नाही. त्या कामापुरते चर्चेत बोलण्याचा आहे.