भगतसिंगांची नास्तिकता आणि तिला घडविणारी माणसे



एखादा तरुण 'मी देव मानीत नाही' असे म्हणाला की, याला कुणीतरी बिघडविले किंवा याला शिंगे फुटली, असे लोक लगेच म्हणू लागतात. शहीद भगतसिंगांवरही अहंकाराचा आरोप झाला होता. त्याला उत्तर म्हणून त्यांनी ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात 'मी नास्तिक का आहे' हा निबंध लिहिला. आपल्यावर कोणाकोणाचा प्रभाव पडला, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहे.

त्यांचे आजोबा कट्टर आर्यसमाजी होते. लाहोरच्या डी.ए.व्ही. शाळेच्या वसतिगृहात असताना भगतसिंग सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेखेरीज तासन् तास गायत्री मंत्र जपत. वडील उदार विचारांचे, देशभक्तीचा धडा त्यांनीच दिला. परंतु मुलाने रोज प्रार्थना करावी असेच तेही सांगत. पुढे नॅशनल कॉलेजात धर्मावर खुली चर्चा करण्याची सवय लागली. तरीही देवावरील श्रद्धा कायमच होती. क्रांतिकारी पक्षात एक ज्येष्ठ नेते स्वतः साशंक असूनही, वाटेल तेव्हा प्रार्थना कर, एवढेच सांगत. तर दुसरे नेते शचीन्द्रनाथ सान्याल पूर्ण आस्तिक होते.

म्हणजे त्यांना नास्तिकतेची दीक्षा देणारा असा कुणी गुरू दिसत नाही. मग बदल कसा झाला? १९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर नेते पकडले गेले आणि जबाबदारी तरुणांवर आली. विरोधकांना उत्तर द्यावयाचे तर अभ्यास हवा, हे भगतसिंगांनी ओळखले. बाकुनिन, मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की त्यांनी वाचले आणि १९२६ च्या अखेरीस त्यांचा निर्णय पक्का झाला. मे १९२७ मध्ये अटक झाली, तेव्हा पोलीस त्यांना रोज दोन वेळा प्रार्थना करण्यास सांगू लागले. संकटात आपला विचार टिकतो काय, हे त्यांनी स्वतःला विचारले आणि प्रार्थना केली नाही. २३ मार्च १९३१ रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, स्वर्गाची वा पुनर्जन्माची आशा न धरता ते फासावर गेले.

यातून आम्हांला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आजोबांची निष्ठा, वडिलांची देशभक्ती, सान्यालांचा त्याग हे सारे भगतसिंगांनी आदराने घेतले. त्यांची श्रद्धा मात्र तपासून बाजूला ठेवली. माणसाचा प्रभाव स्वीकारणे म्हणजे त्याचे प्रत्येक मत स्वीकारणे नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, हा नियम आम्हां वडीलधाऱ्यांनाही लावा. आमच्या सांगण्यावरून कुणी नास्तिक झाला, तर तोही केवळ आज्ञाधारकच ठरेल. पालकांना आमची विनंती आहे की, घरात मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्या हाती पुस्तक द्या. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.