रकान्यांची रांग

सहावीच्या एका वर्गात ६० मुलं आहेत असं धरू. सत्र संपलं आहे आणि वर्गशिक्षिका संगणकासमोर बसून गुण भरत आहेत. पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावासमोर एक रिकामा रकाना आहे, आणि त्यात शून्य ते ५० मधलाच आकडा यायला हवा. घाईत ४५ ऐवजी ४५५ पडलं, तर संगणकानं तिथल्या तिथे सांगायला हवं. हे सांगणारी स्क्रिप्ट नीट लिहिली आहे की नाही, यावर बाईंची संध्याकाळ आणि मुलांचं गुणपत्रक दोन्ही अवलंबून असतं.

नवशिका प्रोग्रामर रकान्यांना नावं देतो: गुण१, गुण२, गुण३, थेट गुण६० पर्यंत. पहिल्या रकान्यासाठी तो तपासणीची ओळ लिहितो, तिची नक्कल करतो, आकडा बदलतो, पुन्हा नक्कल करतो. साठ ओळी होतात. सदतिसाव्या ओळीत आकडा बदलायचा राहिला, तर ३६ क्रमांकाचा रकाना दोनदा तपासला जातो आणि ३७ क्रमांकाचा एकदाही नाही. स्क्रिप्ट बिनतक्रार चालते, पडदा नेहमीसारखाच दिसतो, आणि सदतिसाव्या मुलाच्या नावावर ४५५ गुण जमा होतात. पुढच्या वर्षी परीक्षा ५० ऐवजी ४० गुणांची झाली, की साठही ओळींना हात लावावा लागतो.

यावरचा उपाय प्रोग्रामिंगच्या पहिल्या काही धड्यांतच भेटतो. एकाच नावाखाली क्रमानं मांडलेल्या मूल्यांची रांग म्हणजे ॲरे. रांगेतल्या प्रत्येकाला क्रमांक असतो, तो इंडेक्स. आणि त्या रांगेतून एकेकाकडे जात तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याची सूचना म्हणजे लूप. साठ रकान्यांचा ॲरे केला की ‘शून्य ते ५०’ हा नियम एकदाच लिहायचा आणि लूपकडे सोपवायचा. वर्षाच्या मध्यात एकसष्टावं मूल दाखल झालं, तरी स्क्रिप्टमध्ये काही बदलत नाही. रांग एकनं वाढते, एवढंच.

ब्राउझरमध्ये ही रांग फार जुनी आहे. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट म्हणून ओळखली गेली. त्या काळी बहुतेक लोक मोडेमवरून इंटरनेटला जोडले जायचे. फॉर्म सर्व्हरकडे जाऊन ‘अमुक रकाना चुकला’ असा निरोप परत येईपर्यंत माणूस ताटकळायचा. तपासणी ब्राउझरमध्येच व्हावी, ही या भाषेची सुरुवातीपासूनची मोठी कामगिरी. म्हणून नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीतच पानावरचा प्रत्येक फॉर्म आणि त्या फॉर्ममधला प्रत्येक घटक क्रमांकानं हाती येत होता. गंमत अशी, की स्वतःचा ॲरे तयार करण्याची अंगभूत सोय भाषेत तेव्हा नव्हती. ती १९९६ मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. म्हणजे प्रोग्रामरला स्वतःची रांग मांडता येण्याआधी फॉर्मच्या रकान्यांची रांग ब्राउझरनं मांडून ठेवली होती.

या तयार रांगेत मात्र ‘जतन करा’ हे बटणही उभं असतं. लूपनं त्यालाही गुणांचा रकाना समजून तपासलं, तर बटणावरचा मजकूर ‘आकडा नाही’ म्हणून नापास होतो आणि फॉर्म पुढे सरकतच नाही. म्हणून आधी निवड करावी लागते: फक्त गुणांचे रकाने घ्यायचे, बाकीचे वगळायचे.

आता मराठीत काम करणाऱ्यांना हमखास भेटणारी अडचण. बाईंच्या संगणकावर मराठी कीबोर्ड चालू आहे आणि त्यांनी देवनागरीत ४५ लिहिलं. माणसाला ती संख्या दिसते; जावास्क्रिप्टला दिसत नाही. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहेत आणि जावास्क्रिप्टचं संख्येत रूपांतर करणारं फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. त्यामुळे पंचेचाळीस गुण ‘संख्या नाही’ म्हणून परत येतात. उलट, रकाना पूर्ण रिकामा सोडला, तर तेच फंक्शन त्याचं रूपांतर शून्यात करतं. शून्य ही ५० च्या आतली संख्या असल्यानं तपासणी पार पडते, आणि ज्याची उत्तरपत्रिका अजून तपासायची आहे त्या मुलाला शून्य गुण मिळतात. दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला फार थोड्या ओळी लागतात: आधी रकाना रिकामा आहे का ते पाहायचं, मग देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक ठेवायचे, आणि नंतरच मर्यादा तपासायची. लूप असेल तर या ओळी एकदाच लिहाव्या लागतात. साठ नकला असतील तर ही दुरुस्ती कंटाळ्यापोटी राहूनच जाते, आणि त्याची किंमत मराठीत टंकन करणारा माणूस मोजतो.

रांगेचे स्वतःचेही काही नियम आहेत. जावास्क्रिप्ट, पीएचपी, सी, पायथन या भाषांत मोजणी शून्यापासून होते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका हस्तलिखित टिपणात या पद्धतीची बाजू मांडली होती: सुरुवातीचा आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी हीच रांगेची लांबी ठरते. प्रोग्रामरसाठी हे सोयीचं आहे. पण शाळेचा हजेरी क्रमांक एकपासून सुरू होतो. हजेरी क्रमांक १ चं मूल शून्याच्या जागी बसतं आणि साठावं ५९ च्या. त्यामुळे चूक दाखवताना इंडेक्समध्ये एक मिळवून सांगावं लागतं. हे विसरलं, की बाई भलत्याच मुलाचा रकाना शोधत बसतात.

याहून चकवणारा एक प्रकार अनेक वर्षं जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांना छळत होता. लूप फिरवून प्रत्येक रकान्याला सूचना जोडायची: आकडा चुकला, तर ‘हजेरी क्रमांक अमुक तपासा’ असा संदेश दाखव. लूप नीट फिरतो, सगळ्या रकान्यांना सूचना जोडली जाते. मग बाई पाचव्या रकान्यात चुकतात आणि संदेश येतो, ‘हजेरी क्रमांक ६१ तपासा’. वर्गात एकसष्टावं मूलच नाही! कारण जुन्या पद्धतीनं घोषित केलेला मोजणीचा चल सगळ्या फेऱ्यांसाठी एकच असतो. बाई टंकायला लागतात तोवर लूप संपलेला असतो आणि चल ६० वर थांबलेला असतो. त्यात एक मिळवला, झाले ६१. जून २०१५ मध्ये भाषेच्या प्रमाणाची सहावी आवृत्ती आली. तिच्यात चल घोषित करण्याची नवी रीत मिळाली, जिच्यात प्रत्येक फेरीला स्वतःचा वेगळा चल मिळतो. तेव्हापासून पाचव्या रकान्याची चूक पाचव्याच नावानं सांगता येते.

ब्राउझरमधलं काम संपलं की फॉर्म सर्व्हरकडे जातो. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली साधनं लोकांसमोर ठेवली आणि त्यांतून पीएचपी ही भाषा वाढली. फॉर्ममधल्या रकान्याच्या नावाशेवटी चौकटी कंस लिहिला, की पीएचपी त्या नावाच्या सगळ्या रकान्यांचा आपोआप ॲरे करते. सोय उत्तम आहे, पण चेकबॉक्सजवळ ती फसवते. प्रत्येक मुलासमोर ‘गैरहजर’ असा चेकबॉक्स आहे आणि ७, १९ आणि ४२ क्रमांकांच्या मुलांसमोर खूण केली आहे. खूण नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी लिहिलेल्या नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० च्या दस्तऐवजातही हाच नियम आहे. सर्व्हरला तीनच खुणा मिळतात आणि तो त्यांना शून्य, एक, दोन या जागा देतो. गुणांच्या रांगेशेजारी ही रांग ठेवून लूप फिरवला, की वर्गातली पहिली तीन मुलं गैरहजर ठरतात. यासाठी कंस रिकामा ठेवायचा नाही. त्यात हजेरी क्रमांक लिहायचा. मग खुणा कितीही कमी आल्या, तरी प्रत्येक खूण आपल्याच मुलापाशी पोचते.

रांगेत एकच जण असला तर काय होतं? दुर्गम वस्तीवरच्या शाळेत एखाद्या इयत्तेचा पट एकच असू शकतो. एकाच नावाचे अनेक रकाने असतील, तर त्या नावानं विचारल्यावर ब्राउझर रांग देतो. एकच रकाना असेल, तर रांग न देता थेट तो रकानाच देतो. त्याला लांबी नसते, म्हणून लांबीपर्यंत फिरायचा लूप एकदाही फिरत नाही. चूक दिसत नाही, संदेश येत नाही, आणि त्या एकुलत्या मुलाचे गुण बिनतपासणीचे पुढे जातात.

दुसऱ्या टोकाला मोठा वर्ग आहे. ६० मुलं, सहा विषय, आणि प्रत्येक विषयाला आकारिक, संकलित व एकूण असे तीन रकाने. एकूण १०८० रकाने झाले. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनमधल्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवून दिलं, की मुद्दाम निवडलेल्या नावांचे हजारो रकाने पाठवले, तर नावांची मांडणी करता करताच सर्व्हर अडकून पडतो. त्यावर उपाय म्हणून पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१२ मध्ये, पीएचपीच्या ५.३.९ या आवृत्तीत मर्यादा आली: वेगळं काही ठरवलं नसेल, तर एका वेळी १००० च रकाने स्वीकारायचे. त्यापुढचे गळतात. इशारा नोंदला जातो तो सर्व्हरवर. बाईंना काहीच कळत नाही. प्रत्येक मुलाचे १८ रकाने धरले, तर पंचावन्न मुलांचे गुण पूर्ण पोचतात, छप्पन्नाव्याचे अर्धेमुर्धे, आणि शेवटच्या चौघांचे अजिबात नाही. सर्व्हरवरची मर्यादा वाढवता येते. किंवा ब्राउझरमध्येच लूप फिरवून सगळे गुण एका ॲरेत गोळा करायचे आणि त्याचा जेसन या स्वरूपातला एकच मजकूर करून पाठवायचा. मग १०८० रकान्यांचा एकच होतो.

ब्राउझरमधली तपासणी कुणीही बंद करू शकतो, म्हणून तोच नियम सर्व्हरवर पुन्हा लूपमधून न्यावाच लागतो. आणि पहिल्या चुकीशी थांबणारा लूप बाईंना दहा चुकांसाठी दहा वेळा बटण दाबायला लावतो. त्याऐवजी चुकांचाही वेगळा ॲरे करावा आणि सगळ्या चुका हजेरी क्रमांकासह एकदम दाखवाव्यात. असा फॉर्म शाळेच्या हाती देण्याआधी प्रोग्रामरनं तो स्वतः भरून पाहावा: एका मुलाच्या वर्गासाठी, साठ मुलांच्या वर्गासाठी, काही रकाने रिकामे ठेवून, काही देवनागरीत भरून, आणि तीनच मुलांसमोर गैरहजेरीची खूण करून. मग सर्व्हरवर काय नोंदलं गेलं, ते पहिल्या, सदतिसाव्या आणि साठाव्या मुलाच्या नावासमोर उघडून वाचावं.