घर शोधताना नाव आधी सांगा



आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, घर शोधणं हा काय भाषणाचा विषय झाला? पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी पुढच्या काही वर्षांत नोकरीसाठी गाव सोडावं लागणार आहे. लग्न होईल, मूल होईल आणि एक दिवस कुणीतरी विचारेल, "आपल्या वस्तीत बघताय की मिक्स वस्तीत?" हा प्रश्न मलाही सगळ्यांनी विचारला. प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो, हे मला फार उशिरा कळलं. आज तेवढंच सांगायला आले आहे.

मी एका बँकेत नोकरी करते. सांगलीहून पुण्यात बदली झाली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा दोन. शाखा लष्कर भागात. हाताशी दीड महिना होता. आमच्या घरात दखनी बोलतात, पण दारातून बाहेर पाऊल पडलं की मराठी. इनामदार, देसाई, पाटील अशी आडनावं आपल्यातही आहेत, माझंही तसंच एक आहे. त्यामुळे फोनवर माझं काम सोपं व्हायचं. एजंट म्हणायचे, "या मॅडम, आजच बघून घ्या." घर पसंत पडायचं, डिपॉझिट ठरायचं. मग आधार कार्डाची झेरॉक्स मागायचे आणि संध्याकाळी फोन यायचा, "ओनरचा भाऊ गावाहून येतोय, घर त्यालाच द्यायचं ठरलंय." पंधरा दिवसांत असे चार भाऊ गावाहून आले.

पाचव्या घराच्या वेळी एजंटने आपल्या परीने मदत केली. माणूस वाईट नव्हता. लिफ्टमध्ये म्हणाला, "मॅडम, खाली कुणी विचारलं तर बेबीचं घरातलं नाव सांगा. पिंकी, चिंकी काहीतरी. ॲग्रीमेंट झालं की मग काय प्रॉब्लेम नाही." मी हसले आणि मान हलवली. थकले होते, घर हवं होतं. परत निघताना वॉचमनने मुलीला सहज विचारलं, "नाव काय गं तुझं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चिंकी."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने लिफ्टमध्ये फक्त ऐकलं होतं.

ते घर मिळत होतं. आम्ही घेतलं नाही. त्या रात्री मी आणि नवरा बसलो आणि पहिली अट ठरवली. जिथे राहू तिथे मुलीला खालच्या मैदानातून तिच्या खऱ्या नावाने, मोठ्याने हाक मारता आली पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून फोनवर पहिल्याच वाक्यात मी पूर्ण नाव सांगायला लागले. अकरा फोन केले. आठ जणांनी तिथेच नाही म्हटलं. तीन जण म्हणाले, या. आठ नकार ऐकताना वाईट वाटलं, पण ते मी एकटीने, घरात बसून ऐकले. मुलांना रिक्षात घालून, घरं दाखवून, स्वप्नं रंगवून मग ऐकले नाहीत. पेट्रोल वाचलं ते वेगळंच.

आता "आपल्या वस्ती"बद्दल. माझी चुलत आपा कोंढव्यात राहते, कौसरबागेच्या जवळ. ती म्हणाली, "कशाला दारोदार फिरतेस? इथे ये. मुलं माझ्याकडे राहतील." हे बोलणं हलकं नव्हतं. नोकरी करणाऱ्या बाईसाठी, मुलांना सांभाळणारं घरचं माणूस दोन गल्ल्यांवर असणं म्हणजे अर्धा पगार वाचल्यासारखं आहे. तिथे रमजानमध्ये सहरीला सगळी गल्ली जागी असते. बकरी ईदला कुणाला समजावत बसावं लागत नाही. रात्री मूल तापलं तर शेजारी दार वाजवता येतं.

अशा वस्त्यांना "घेट्टो" म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. त्यांनी आधी इतिहास बघावा. मुंबईत 1992-93 च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं मुंब्र्यात गेली. वेगळं राहायची हौस म्हणून कुणी गेलं नाही, जीव मुठीत धरून गेले. मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळताना अडचण येते, हे 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदलेलं आहे. जिथे दार उघडतं तिथे माणूस जातो.

पण दार एकच उघडं असलं की त्या दारातून काय विकलं जातंय हे माणूस तपासत नाही. मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि 74 माणसं गेली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर लोक राहत होते. म्हणून आपल्या तरुणांना मी हात जोडून सांगते, वस्ती कुठलीही असो, आधी कागद बघा.

कुठले कागद? नवीन इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक. तो वेबसाइटवर टाकला की ताबा कधीचा, चटई क्षेत्र किती, प्रकल्पावर कोर्टात काही चालू आहे का, हे घरबसल्या दिसतं. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. "येणार आहे" असं म्हणाले तर "आलं की येते" म्हणून उठा. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर उभी राहिलेली इमारत असेल तर ती गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाली आहे का ते विचारा. बँकेतली बाई म्हणून एक खूण सांगते. एखाद्या इमारतीवर कुठलीच बँक कर्ज देत नसेल, तर तिला काहीतरी दिसलेलं असतं. आपल्यातले अनेक जण व्याज नको म्हणून कर्ज घेत नाहीत आणि बिल्डरला रोख हप्ते देतात. कर्ज न घेणं हा तुमचा अधिकार आहे, पण त्यामुळे बँकेच्या वकिलाची तपासणी चुकते, ती स्वतः करून घ्या. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बिल्डर आपला आहे, नमाजी आहे, हाजी आहे, हे कागद नव्हे.

दुसरं पाणी. पुण्याच्या कडेची गावं महापालिकेत आली, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23. उंड्री, पिसोळी, वाघोली, नांदेड, किरकटवाडी ही त्यातलीच. इमारती आधी आल्या, नळ मागून येतोय. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण सापडले, तेव्हा सगळं बोट पाण्याकडे गेलं. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी सोसायटीत तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? मे महिन्यात टँकरचा खर्च महिन्याला किती येतो? टाकी शेवटची कधी धुतली? उत्तर सेक्रेटरीकडून घेऊ नका, तिथे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना विचारा.

तिसरं, रस्ता. घर रविवारी दुपारी बघू नका. सोमवारी सकाळी नऊला बघा आणि संध्याकाळी सातला परत जाऊन बघा. कात्रज-कोंढवा रस्त्यावर किंवा लुल्लानगरच्या चौकात नकाशावरची दहा मिनिटं आणि खरी दहा मिनिटं यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मी बँकेतून आठला निघाले तर घरी किती वाजता पोचेन? स्टॉपपासून घरापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का? हे दोन प्रश्न घर बघायला आलेल्या कुठल्याही पुरुषाने विचारलेले मी ऐकले नाहीत. माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही.

चौथं, शाळा. शिक्षण हक्क कायद्यात शेजारशाळा पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही माध्यमांच्या आहेत. कुठली निवडायची ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तीन ते सहा वर्षांचं मूल रोज दीड तास व्हॅनमध्ये बसणार असेल तर शाळेचं नाव कितीही मोठं असो, त्याचा उपयोग नाही. आणि भाड्याच्या घराचा करार नोंदवून घ्या. शाळेत, गॅसला, सगळीकडे तोच पत्त्याचा पुरावा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे.

आता तुम्ही विचाराल, नाकारणं बेकायदा नाही का? खरं उत्तर कडू आहे. राज्यघटना प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क देते, पण तो हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध चालतो. खासगी घरमालकाने तोंडावर नाही म्हटलं तर त्याला पकडेल असा सरळ कायदा आपल्याकडे नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व स्वतःच्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला. मात्र महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण सोसायटीला पात्र माणसाचं सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, तसं झालं तर निबंधकांकडे जाता येतं. आणि सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी घ्यावी असं आदर्श उपविधी म्हणत नाहीत, फक्त कळवायचं असतं. त्यामुळे "मी देतो हो, पण सोसायटी चालू देत नाही" म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा. काहींना खरंच माहीत नसतं.

म्हाडा, सिडको यांच्या सोडतीत संगणक चिठ्ठी काढतो, तिथे "ओनरचा भाऊ" येत नाही. त्या वाटेने जरूर जा. पण 2024 मध्ये बडोद्यात काय झालं तेही लक्षात ठेवा. साडेचारशेहून अधिक घरांच्या सरकारी योजनेत एका मुस्लिम बाईंना सोडतीत घर लागलं, तर तिथल्या रहिवाशांनी तिच्या विरोधात निदर्शनं केली. सोडत घर देते, शेजार मिळवायला माणसं लागतात.

आम्ही शेवटी उंड्रीला राहिलो. आधी अकरा महिने भाड्याने, मग त्याच भागात स्वतःचं. पहिलं घर एजंटने दिलं नाही, शाखेतल्या एका सहकारी बाईंनी दिलं. त्यांनी मालकाला फोन करून सांगितलं, "माझ्या ओळखीच्या आहेत." नकार देणाऱ्यांपैकी बरेच जण आपल्याला ओळखतच नसतात. हे चुकीचंच आहे, पण ओळखीचा एक फोन अर्ज-विनंत्यांपेक्षा जास्त चालतो. तुम्हाला कुणासाठी असा फोन करता येत असेल तर करा.

सगळं गोड झालं असं नाही. आपाचं घर दोन गल्ल्यांवर नाही, मुलाच्या पाळणाघराचे पैसे दर महिन्याला मोजावे लागतात. सहरीला आमच्याच खिडकीत दिवा असतो. काही बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर असे मेसेज येतात की मोबाइल उलटा करून ठेवावा लागतो. एकदा मी उत्तर दिलं, दोन जणांनी तो मेसेज काढून टाकला, एकाने अजून बोलणं धरलेलं नाही. पण मुलगी खाली खेळते आणि मी तिसऱ्या मजल्यावरून तिच्या पूर्ण नावाने हाक मारते. ती "आले, अम्मी" म्हणते आणि येत नाही.

आपाची मुलं कोंढव्यात वाढताहेत, हुशार आहेत, त्यांचंही चुकलेलं नाही. तिथे भोगवटा आहे, पाणी आहे, मुलींना सायकल चालवताना कुणी टोकत नाही, असं घर मिळालं असतं तर कदाचित आम्हीही तिथेच असतो.

शेवटचं सांगते, ते माझ्याबद्दलच आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय आला, एका मालकाला फ्लॅट एका घटस्फोटित, एकट्या राहणाऱ्या बाईला द्यायचा होता. कुणी म्हणालं, "फॅमिलीच पाहिजे, उगाच कटकट नको." सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसले. घरी येऊन लिफ्टचा आरसा आठवला, त्यात मान हलवणारी मीच होते. पुढच्या मीटिंगला मी उभी राहिले आणि उपविधी वाचून दाखवला. तोवर ती बाई दुसरीकडे गेली होती.

आपल्या मोहल्ल्यांतही एकट्या बाईला, दुसऱ्या मसलकच्या कुटुंबाला, दलित कुटुंबाला "घर नाही" म्हणणारे आहेत, हे आपण सगळे जाणतो. उद्या तुमच्यापैकी बहुतेकांकडे घर असेल, काही जण कमिटीत असतील आणि एक अनोळखी कुटुंब लहान मूल घेऊन तुमच्या गेटवर उभं असेल. त्या मुलाला नाव विचारा आणि त्याला खरं नाव सांगता येईल असं वागा.