दुसऱ्यांदा खेळताना



व्हिडिओ गेम म्हटले की मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. मुले तासन् तास खेळतात, ही नेहमीची तक्रार. मी आज नेमकी उलटी तक्रार घेऊन आलो आहे. ज्या खेळाने एकेकाळी झोप उडवली, तोच हौसेने पुन्हा सुरू करावा आणि चार दिवसांत कंटाळा यावा, असे का होते?

मी बोलतो आहे ते 'ओपन वर्ल्ड' खेळांविषयी. एक भला मोठा काल्पनिक मुलूख असतो. त्यात आपण एक सोंग घ्यायचे आणि वाटेल तिकडे भटकायचे. २०११ साली आलेला 'स्कायरिम' आणि २०१५ चा 'द विचर ३' ही त्यातली गाजलेली नावे.

'स्कायरिम'ची सुरुवात पाहा. आपण कैदी असतो, घोडागाडीतून वधस्तंभाकडे चाललेले. पहिल्या वेळी छातीत धडधडते. दुसऱ्या वेळी ही गाडी एकदाची पोहोचेल कधी, असे होते. पहिल्यांदा डोंगरापलीकडे काय आहे, या कुतूहलाने आपण चालत असतो. दुसऱ्यांदा पलीकडचे ठाऊक असते. मग उरते ती कामांची यादी : ही गुहा, ती तलवार, तो निरोप. पाहिलेल्या जागी नकाशावरून क्षणात पोहोचण्याची सोय असतेच. तिच्यामुळे वाटही संपते. गंमत म्हणजे दहा वंशांतून नवे पात्र निवडूनही अनेक खेळाडू शेवटी लपूनछपून बाण मारणारा तोच जुना तिरंदाज होऊन बसतात. सोंग बदलते, सवय बदलत नाही.

आता जरा आपल्या जिल्ह्यात येऊ. अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड हाही एक मोकळा मुलूखच. पाचनईहून पहिल्यांदा वर गेलेला माणूस केदारेश्वराच्या गुहेतले पाण्यातले शिवलिंग आणि कोकणकड्याची खोली पाहून थक्क होतो. तरीही तिथे पुन्हापुन्हा जाणारे लोक आहेत. त्यांना कंटाळा का येत नाही? कारण ते वाट बदलतात. एकदा पाचनई, एकदा खिरेश्वरहून तोलारखिंड, कसलेले गडी कोकणातून नळीच्या वाटेने. कधी पावसात जातात, कधी उन्हाळ्यात. सात वर्षांनी कारवी फुलते, तेव्हा तर तोच डोंगर ओळखू येत नाही.

इथे एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. डोंगराचा ऋतू आपोआप बदलतो. खेळातला मुलूख जिथे ठेवला तिथेच असतो. तिथला ऋतू खेळणाऱ्यालाच आणावा लागतो. निर्मात्यांनाही हे कळते. 'विचर ३'मध्ये नंतर एक सोय आली : जुनी शस्त्रे, जुने कौशल्य घेऊन नव्याने सुरुवात करायची, पण शत्रू अधिक बलवान. मात्र नुसत्या बलवान शत्रूने कुतूहल परत येत नाही.

मला उपयोगी पडलेले उपाय साधे आहेत. नकाशावरून उडी मारायची नाही, चालतच जायचे. मागच्या वेळी ज्या पक्षाला साथ दिली, त्याच्या विरोधात उभे राहायचे. धनुष्याला हात लावायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळी कामे पूर्ण करण्याचा हट्ट सोडायचा. एकच प्रश्न मनात धरावा, त्याचे उत्तर मिळाले की थांबावे. गडावर गेलेला प्रत्येक जण दर वेळी तारामती शिखर गाठतोच असे नाही. कोणी नुसता कड्यावर बसून परत येतो, आणि त्याची फेरी वाया गेली असे कोणी म्हणत नाही.

फुरसत आज दुर्मीळ झाली आहे. आवडत्या गोष्टीकडे परत जाताना तीही हजेरीपटासारखी भरायची, तर मग कामावरून सुटलो कशाला? पहिल्या वेळचे नवल पुन्हा मिळत नाही, हे मानून टाकावे. ते शोधायचे सोडले की पहिल्या धावपळीत न दिसलेले बरेच काही दिसू लागते.