मातीला कोण येणार?



आमच्याकडे अंत्यविधीला 'माती' म्हणतात. "मातीला जाऊन आलो" एवढं सांगितलं की समोरचा पुढं काही विचारत नाही. माती कुणाचीही असो, गाव ताटकळतो तो एकाच गोष्टीसाठी: लेक निघाली का, भाऊ पोचला का. ज्याच्यासाठी कुणाची वाट पाहायची हेच ठाऊक नसतं, अशा माणसाविषयी आज बोलायचं आहे.

आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात. काही तिकडंच राहून जातात. फोन आधी आठवड्याला येतो, मग सणावाराला, मग येईनासा होतो. आणि एके सकाळी भाड्याच्या खोलीचं दार उघडत नाही.

पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, देह शवागारात जातो. आता नातेवाईक शोधायचे. अनेकांना वाटतं, अंगठा टेकवला की आधारवरून नाव-गाव निघेल. तसं होत नाही. आधारसाठी घेतलेले ठसे पोलीस तपासाला द्यायला 2016 च्या आधार कायद्यानंच मनाई आहे. म्हणून शोध सुरू होतो तो खोलीतल्या सामानापासून. कापड दुकानाची पिशवी, औषधाची चिठ्ठी, हातावरचं गोंदण.

आणि पेटीच्या तळाशी एखादी जुनी लग्नपत्रिका. घडीवर फाटलेली, कोपऱ्याला हळदीकुंकवाचा डाग. तिच्यात आजोबांपासून मामांपर्यंत सगळी भावकी आणि सोयरे नावानिशी असतात, लग्नस्थळाचं गाव असतं. अगदी खाली बारीक अक्षरांत चिल्लीपिल्ली असतात: आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! वरची वडीलधारी माणसं एव्हाना गेलेली असतात. पण ती चिल्लीपिल्ली आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, आणि फोन त्यांच्याच खिशात आहे. शोध घेणाऱ्यानं पत्रिका खालून वर वाचावी, असं मला वाटतं.

गावाच्या नावानं मात्र घोटाळा होतो. कागदावर नुसतं 'बाळापूर' असेल तर मुंबईचा हवालदार अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरला फोन लावणार. ते तर तालुक्याचं ठिकाण. जुन्या कागदावर 'जिल्हा परभणी' असतं, कारण हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. एका 'आखाडा' शब्दावाचून देह दिवसेंदिवस पडून राहू शकतो.

गाव नक्की झालं की पोलीस पाटलांना विचारावं, तलाठ्याकडं जावं. गाव नमुना 6-क म्हणजे वारसांची नोंदवही. मेलेल्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसेल, पण बापाच्या नावावर असली तर बाप गेल्यावर वारस लागलेले असतात, त्यांत बहिणीही असतात. भावांचं वाटणीवरून फाटलेलं असतं. बहीण आणि तिची पोरं बहुधा येतात. म्हणून पहिला फोन बहिणीच्या सासरी करावा.

बाई एकटी गेली तर शोध फार अवघड. कागदावर नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. तो आधीच गेलेला, मूलबाळ नाही. तिचं माहेर एकाही कार्डावर नसतं. भाऊ तीस कोसांवर जिवंत असतो आणि बहीण बेवारस ठरते. हे मला सहन होत नाही.

पूर्वी मरणाचा सांगावा घेऊन उन्हापावसात पायी जाण्याचं काम गावानं महार समाजावर लादलं होतं. ते बंद झालं, हे न्यायाचंच झालं. आता सांगावा फोनवरून जातो, पण फोन कुठं लावायचा हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं.

तेव्हा घरातलं कुणी बाहेरगावी एकटं असेल तर आज रात्रीच त्याला फोन करा. रेशन कार्डाच्या पिशवीत एक कागद ठेवायला सांगा. त्यावर पूर्ण पत्ता: आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. खाली दोन माणसांची नावं आणि नंबर. बाई असेल तर त्यांतलं एक माहेरचं. आणि मुकादमांनो, घरमालकांनो, तोच कागद तुमच्याही वहीत उतरवून घ्या.